यकृतातील शेजारधर्म आणि वैद्याचे कर्तव्य

आषाढी एकादशीचा दिवस होता. घाटाखालच्या एका खेड्यातील ५८ वर्षांचे एक शेतकरी पहाटे चालत शेगावी दर्शनास निघाले. निर्जळी उपवासाचा त्यांचा नेम पुष्कळ वर्षांचा. मधुमेहासाठी अन्य चिकित्सकाने दिलेली ग्लिबेनक्लामाइडची गोळी ते नित्य घेत आणि तिच्या जोडीस प्रस्तुत लेखकाने दिलेले मधुमेहहर चूर्णही घेत. आठ दिवसांपूर्वीच ते माझ्याकडे येऊन गेले होते. उपवासाविषयी त्यांनी विचारले, तेव्हा मी म्हणालो होतो, "उत्तम लंघन आहे, अवश्य करा. साखर आपोआप उतरेल."

साखर उतरली खरी. सायंकाळी त्यांना बैलगाडीत घालून माझ्या दवाखान्यात आणले, तेव्हा अंग घामाने भिजलेले, हात थरथरणारे आणि बोलणे असंबद्ध होते. मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, सकाळपासून काहीच घेतलं नाही जी त्यांनी, गोळी मात्र घेतली." गिळण्याइतकी शुद्ध असल्याने साखरेचे पाणी देता आले. अर्ध्या तासात ते सावध झाले आणि मी निश्चिंत होऊन त्यांना घरी पाठविले. मध्यरात्री ते पुन्हा बेशुद्ध पडले. रुग्णालयात शिरेवाटे ग्लुकोज देऊन दुसऱ्या दिवशी ते वाचले. ते वाचले म्हणून आज हे लिहिण्याचे धैर्य होते.

त्या रात्री मला पडलेला प्रश्न साधा होता. निरोगी मनुष्य एकादशी करतो, वारीत चालतो, प्रसंगी दोन दिवस अन्नावाचून राहतो, तरी त्याची रक्तशर्करा कोसळत नाही. ही राखण कोण करते आणि माझ्या रुग्णात ती का झाली नाही? उत्तर यकृतात होते. ते शोधताना जे वाचनात आले त्याचा आपल्या नित्य व्यवसायाशी निकटचा संबंध आहे, असे माझे मत झाले. तेच येथे वाचकांपुढे ठेवीत आहे.

कोठार आणि त्याची किल्ली

यकृत शर्करा निर्माण करते, हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८४८ मध्ये दाखविले. पुढे १८५५ च्या सुमारास त्यांनी एका प्राण्याचे यकृत काढून, त्याच्या शिरांतून पाणी सोडून, शर्करेचा अंशही न उरेपर्यंत धुतले. ते धुतलेले यकृत तसेच ठेवून दुसऱ्या दिवशी पाहिले, तर त्यात पुन्हा शर्करा आढळली. म्हणजे यकृतात असा काही साठा होता की जो स्वतः गोड नाही, परंतु ज्यापासून गोड पदार्थ सुटतो. १८५७ मध्ये त्यांनी तो साठा वेगळा केला. तोच ग्लायकोजेन.

सुमारे दीड किलो वजनाच्या यकृतात भोजनोत्तर साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन असते. स्नायूंतील एकूण साठा याहून कितीतरी अधिक असतो. पण ग्लुकोज मोकळे करून रक्तात सोडणारे शेवटचे विकर स्नायूंत नाही. त्यामुळे स्नायूंचा साठा त्यांच्या स्वतःच्या कामापुरता आणि यकृताचा साठा सर्व शरीरासाठी, अशी वाटणी आहे. केवळ मेंदूलाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. रात्रीचे जेवण ते सकाळची न्याहारी या काळात यकृत दर तासाला अंदाजे ७ ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडीत असते. त्यातील स्थूलमानाने अर्धे ग्लायकोजेन विघटनातून आणि उरलेले नवनिर्मितीतून येते. पूर्ण उपवास एक दिवसाहून लांबला की कोठार बहुतांशी रिते होते आणि सर्व भार नवनिर्मितीवर पडतो.

या कोठाराची किल्ली फिरविणारी साखळी उलगडण्यास विसाव्या शतकाची पन्नास वर्षे गेली. ग्लायकोजेनचे रूपांतर कसे होते यासाठी कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याला १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. संप्रेरकाचा संदेश पेशीच्या आत नेणारा सायक्लिक एएमपी हा दूत शोधणारे अर्ल सदरलँड १९७१ मध्ये, आणि विकरे चालू-बंद करणारी फॉस्फेटची युक्ती शोधणारे फिशर व क्रेब्ज १९९२ मध्ये या सन्मानास पात्र ठरले. थोडक्यात सांगायचे तर, रक्तशर्करा घटू लागली की स्वादुपिंडातून ग्लुकॅगॉन सुटते, ते यकृतपेशीच्या पृष्ठभागावर बसते, आत सायक्लिक एएमपी वाढते, एकामागून एक विकरे जागी होतात आणि फॉस्फोरिलेज हे विकर ग्लायकोजेनची साखळी तोडू लागते. ॲड्रिनॅलिन व नॉरॲड्रिनॅलिन हीही हेच कार्य घडवितात. त्यांच्या मार्गात पेशीतील कॅल्शियमचे चढउतार महत्त्वाचे असतात. इन्सुलिन नेमके उलट करते. ते कोठाराला कुलूप घालते.

माझ्या रुग्णाचा अर्धा उलगडा येथेच होतो. ग्लिबेनक्लामाइड हे औषध भोजन झाले आहे की नाही हे पाहत नाही. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावते. अन्न नाही, चालणे मात्र कोसभर, आणि कोठाराला कुलूप. राखणदार जागा होता, पण त्याचे हात बांधलेले होते.

दवंडी आणि शेजारी

येथवरचे ज्ञान आज पदवी अभ्यासक्रमात असते. त्यापुढचा भाग मात्र आपल्या चर्चेत क्वचितच येतो. आपण यकृताचा विचार एकाच मोठ्या पेशीसारखा करतो. संदेश आला, यकृताने ऐकला, शर्करा सुटली. वस्तुतः यकृतात कोट्यवधी पेशी आहेत आणि प्रत्येकीपर्यंत संदेश सारख्या जोराने पोहोचत नाही.

यकृताची रचना लहान लहान खंडिकांची आहे. खंडिकेच्या कडेला प्रतिहारिणी सिरेच्या व धमनीच्या शाखा येतात, तेथून रक्त आत झिरपते आणि मध्यवर्ती सिरेतून बाहेर पडते. उंदीर व घूस यांच्या यकृतात अनुकंपी चेतातंतूंची टोके मुख्यतः खंडिकेच्या कडेच्या पेशींजवळच संपतात. मग आतल्या पेशींना संदेश कोण देते?

पूर्वी आपल्याकडे कोतवाल चावडीपुढे दवंडी पिटीत असे. गावाच्या टोकाच्या वस्तीपर्यंत तो जाईच असे नाही. परंतु निरोप जात असे, कारण शेजारी शेजाऱ्याला सांगे. यकृतात हेच घडते. लगतच्या दोन पेशींच्या भिंतींत समोरासमोर सूक्ष्म नलिका असतात. त्यांना गॅप जंक्शन म्हणतात. कनेक्सिन नावाच्या प्रथिनाचे सहा घटक मिळून अर्धी नलिका होते आणि शेजारच्या पेशीच्या अर्ध्या नलिकेशी जुळून मार्ग पूर्ण होतो. मोठी प्रथिने यातून जाऊ शकत नाहीत. पण सायक्लिक एएमपी, कॅल्शियम व त्याला मोकळे करणारे लहान दूतरेणू सहज पलीकडे जातात. यकृतपेशींत कनेक्सिन-३२ हे प्रथिन मुख्य आहे.

याची कसोटी १९९६ मध्ये जर्मनीतील शास्त्रज्ञांनी घेतली. ज्यांच्यात कनेक्सिन-३२ नाही असे उंदीर तयार करून त्यांच्या यकृताच्या अनुकंपी चेता विजेने उद्दीपित केल्या. ग्लायकोजेनपासून सुटणारे ग्लुकोज सामान्य उंदरांच्या तुलनेत सुमारे तीन-चतुर्थांशांनी घटले. त्याच यकृतांना रक्तावाटे पुरेसे नॉरॲड्रिनॅलिन किंवा ग्लुकॅगॉन दिले, तेव्हा मात्र ग्लुकोज सुटले. साठा होता, विकरे होती, संप्रेरक ओळखण्याची शक्तीही होती; तुटला होता तो शेजाऱ्याशी असलेला संवाद.

दुसरा पुरावा कॅल्शियमचा. संप्रेरकाचा स्पर्श होताच एकेकट्या यकृतपेशीत कॅल्शियम लयीत वर-खाली होते, हे १९८६ मध्ये दिसून आले. पुढे दोन-तीन पेशी जोडलेल्या अवस्थेत पाहिल्या, तेव्हा त्यांच्यातील ही लय एका क्रमाने सरकताना आढळली. ज्या पेशीवर संप्रेरकाचे ग्राहक अधिक, तिच्यात लहर प्रथम उठते आणि मग शेजारणीत जाते. जी पेशी अधिक संवेदनशील, ती पुढे होऊन इतरांना चालविते.

संवाद केवळ यकृतपेशींपुरता मर्यादित नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंतीलगत कुफ्फर पेशी असतात. आतड्यांकडून येणाऱ्या रक्तातील जंतू, जंतुविषे व कण गिळणे हे त्यांचे मुख्य काम. जंतुविषाने उद्दीपित झाल्यावर त्या प्रोस्टाग्लँडिन नावाचे अल्पजीवी पदार्थ सोडतात, आणि हे पदार्थ शेजारच्या यकृतपेशींतील ग्लायकोजेनचे विघटन वाढवितात. घुशींच्या यकृतावरील प्रयोगांत हे वारंवार दिसले आहे. ज्वरात किंवा जंतुसंसर्गात शर्करेचे गणित का बदलते, याच्या अनेक कारणांपैकी हे एक असावे.

एक सावधगिरी येथेच नोंदविणे आवश्यक आहे. मनुष्याच्या यकृतात चेतातंतू खंडिकेच्या आतवरही पसरलेले असतात. त्यामुळे उंदरातील आकडे जसेच्या तसे मनुष्यास लावता येत नाहीत. प्रत्यारोपित यकृताच्या चेता तुटलेल्या असतात, तरीही ते रक्तशर्करा बरीचशी सांभाळते, कारण रक्तातून येणारी संप्रेरके आपले काम करीतच असतात. निसर्गाने एकाच निरोपासाठी तीन वाटा ठेवल्या आहेत: रक्त, चेता आणि शेजार. एक वाट क्षीण झाली तर दुसऱ्या सांभाळून घेतात. सर्वच क्षीण झाल्या म्हणजे रोगी संकटात येतो.

केदारीकुल्या न्यायाचा मोह

हे वाचीत असता अनेक वैद्यबंधूंच्या मनात केदारीकुल्या न्याय आला असेल. माझ्याही मनात आला. पाटाचे पाणी प्रथम जवळच्या वाफ्यात, तो भिजला की पुढच्या वाफ्यात. नळगंगेच्या पाटाखालील शेतकऱ्याला हा न्याय समजावून सांगावा लागत नाही. मग लगेच म्हणावेसे वाटते की गॅप जंक्शन आमच्या आचार्यांना ठाऊक होते. आपल्या संमेलनांतून अशी विधाने टाळ्या मिळवितात.

माझे मत याविरुद्ध आहे आणि ते मी स्पष्ट मांडतो. केदारीकुल्या न्याय धातुपोषणाचा क्रम समजावून देण्यासाठी योजिलेला आहे. त्यात पाणी म्हणजे पोषक द्रव्य स्वतः पुढे जाते आणि प्रत्येक वाफा आपला वाटा घेतो. यकृतातील शेजारसंवादात द्रव्य पुढे जात नाही. निरोप पुढे जातो आणि प्रत्येक पेशी आपले स्वतःचे कोठार उघडते. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे म्हटल्याने न्यायाचा अर्थही बिघडतो आणि प्रयोगाचाही. विद्यार्थ्याला समजावताना दृष्टांत म्हणून तो न्याय अवश्य वापरावा. पुरावा म्हणून वापरू नये.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. प्रमेहाच्या संप्राप्तीत संहितांनी बहुद्रव श्लेष्मा, मेद, मांस, क्लेद आणि मूत्रवह स्रोतस यांना स्थान दिले आहे. यकृत हे रक्तवह स्रोतसाचे मूल म्हणून येते. प्रमेहाच्या मुख्य संप्राप्तीत ते नाही. शर्करेच्या नियमनातील यकृताचे कार्य हे नंतरचे ज्ञान आहे. ते स्वीकारल्याने संहितांना उणेपणा येत नाही.

उलट संहितेचे खरे सामर्थ्य जेथे आहे, तेथे आपले लक्ष नसते. चरकाने प्रमेही दोन प्रकारचे सांगितले: एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल. पहिल्यास शोधन, दुसऱ्यास बृंहण. माझा रुग्ण कृश होता. ज्याला बृंहण सांगितले त्याला मी लंघनाची अनुज्ञा दिली. माझी चूक आधुनिक शास्त्र ठाऊक नसण्याची होतीच. पण त्याहून मोठी चूक पाठ असलेले स्वतःचे शास्त्र रुग्णासमोर विसरण्याची होती. गॅप जंक्शन संहितेत शोधण्यात जो वेळ आपण घालवितो, तो रुग्ण स्थूल की कृश हे पाहण्यात घालविला तर अधिक प्राण वाचतील.

गुडूचीचा धडा

मग दोन्ही ज्ञानांचा मेळ कसा घालावा? याचे उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. निर्मला रेगे व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडूचीवर दीर्घकाळ काम केले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका निबंधाचा विषय नेमका कुफ्फर पेशी हा होता. घुशींच्या यकृताला रासायनिक इजा केल्यावर या पेशींची कण गिळण्याची क्षमता घटते आणि गुडूचीने ती सावरते, असे त्यांना आढळले. ग्लायकोजेन हा त्या प्रयोगाचा विषय नव्हता, म्हणून त्यावरून शर्करेविषयी अनुमान काढणे योग्य नाही. परंतु पद्धत पाहावी. गुडूची यकृतास हितकर आहे, एवढे म्हणून ते थांबले नाहीत. यकृतातील कोणत्या पेशीवर, कोणते कार्य, कसे मोजावयाचे, हे त्यांनी विचारले. असा प्रश्न विचारणे म्हणजे शास्त्राचा अनादर नव्हे.

याच गुडूचीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. करोनाच्या साथीत घरोघरी काढे उकळू लागले. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतशोथ झालेल्या ६ रुग्णांची, आणि २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी अनेकांत शरीर स्वतःच्याच यकृतावर उठते त्या विकाराची लक्षणे होती. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीविषयी आक्षेप घेतला. टिनोस्पोरा क्रिस्पा ही दिसावयास सारखी असलेली जाती गुळवेल म्हणून घेतली गेली असावी, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. वाद कोणत्याही बाजूने सुटो, आपल्यासाठी निष्कर्ष एकच निघतो. यकृतातील पेशींच्या संवादात आपले औषध हस्तक्षेप करते, असे आपण अभिमानाने सांगत असू, तर तो हस्तक्षेप अहितकरही होऊ शकतो हे मान्य करणे आपल्यावर बंधनकारक आहे. प्रभावी द्रव्य सर्वांना सदैव निरुपद्रवी असते, असे आपल्या कोणत्याही आचार्याने म्हटलेले नाही.

निरोप पोहोचतो, कोठार रिते असते

आता व्यवहाराकडे येऊ. शेजारसंवाद कितीही उत्तम असला तरी त्याचा उपयोग कोठारात काही असेल तरच. अतिशय घटलेल्या रक्तशर्करेवर ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन देतात. परंतु दीर्घ उपासमार झालेल्या किंवा रिकाम्या पोटी मद्यपान केलेल्या रुग्णात ते फारसे चालत नाही, कारण विघटन करावयास ग्लायकोजेनच उरलेले नसते. मद्य त्यात आणखी भर घालते. ते नवनिर्मितीची वाटही अडविते. दिवसभर सोयाबीनच्या काढणीवर राबून, न जेवता दारू पिऊन झोपलेला मजूर सकाळी उठत नाही, तेव्हा तो अजून नशेत आहे असे समजून सोडून देऊ नये.

बिहारमधील मुझफ्फरपूरचे उदाहरण सर्वांनी लक्षात ठेवावे असे आहे. तेथे लिचीच्या हंगामात लहान मुले पहाटे झटके येऊन दगावत. २०१४ मध्ये झालेल्या तपासाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. लिचीतील काही द्रव्ये ग्लुकोजच्या नवनिर्मितीस अडथळा करतात. ज्या मुलांनी लिची खाल्ली आणि रात्रीचे जेवण घेतले नाही, त्यांना धोका फार वाढला. रात्रीच्या जेवणाने कोठार भरले असते, तर नवनिर्मिती अडूनही ते मूल सकाळपर्यंत तरले असते. रात्री मूल उपाशी झोपू नये, हा साधा उपदेश तेथे औषधाइतकाच मोलाचा ठरला.

आपल्या यकृतोदराच्या, म्हणजे यकृत कठीण झालेल्या रुग्णांनाही हेच लागू आहे. अशा यकृतात ग्लायकोजेनचा साठा अल्प असतो. निरोगी मनुष्याचे दोन-तीन दिवसांच्या उपवासाने जे होते, ते या रुग्णाचे एका रात्रीत होते आणि शरीर स्वतःचे मांस जाळू लागते. म्हणून त्यांना निजण्यापूर्वी थोडा आहार देण्याचा प्रघात आज सर्वत्र मान्य झाला आहे. उदररोग म्हटला की लंघन, अशी आपल्यापैकी काहींची सवय असते. ती तपासून घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

या विवेचनावरून माझ्या दवाखान्यात मी काही नियम केले आहेत. मधुमेही रुग्णाला प्रथम विचारतो की दुसऱ्या कोणाची कोणती गोळी चालू आहे. गोळीचा कागद पाहिल्यावाचून चूर्ण देत नाही. श्रावण, नवरात्र, एकादशी यांपूर्वी उपवासाचा प्रकार विचारतो. साबुदाणा-भगरीचा उपवास आणि निर्जळी उपवास यांत महदंतर आहे. एकाने शर्करा चढते, दुसऱ्याने उतरते. निर्जळी उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करावे, हे ती गोळी देणाऱ्या चिकित्सकाला विचारल्यावाचून उपवास करू नये, असे बजावतो. कृश, वृद्ध, मद्यपी, यकृतविकारी व मूत्रपिंडविकारी यांना उपवासाची अनुज्ञा देत नाही. आपल्या घाटाखालच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांची चर्चा अनेक वर्षे चालू आहे. मूत्रपिंड दुर्बल असता ग्लिबेनक्लामाइडसारखे औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते, हे तेथील वैद्यांनी विशेषत्वाने ध्यानी ठेवावे.

घाम, कंप, भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे दिसले की रक्तशर्करा मोजावी आणि मोजण्याचे साधन नसेल तर न मोजताच, रुग्ण गिळू शकत असल्यास, साखर द्यावी. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात पाणी ओतू नये. त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. आणि शर्करा वर आली म्हणून घरी पाठवू नये. मी ज्या ठिकाणी चुकलो ते हेच. साखरेच्या पाण्याचा प्रभाव तासाभराचा, गोळीचा प्रभाव दिवसभराचा किंवा त्याहून अधिक. अशा रुग्णाला किमान एक दिवस देखरेखीखाली ठेवणे आवश्यक असते.

फार्मसीधारकांस दोन शब्द

आपल्या या नियतकालिकाचे वाचक औषधनिर्मातेही आहेत, म्हणून हे थोडे कटू लिहितो. जी चूर्णे व वट्या आठवड्यात साखर निम्म्यावर आणतात, त्यांच्याविषयी बाजारात जेवढे कौतुक होते तेवढीच शंकाही यावयास हवी. वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत ग्लिबेनक्लामाइडसारखी रसायने मिसळल्याचे प्रकार अनेक देशांत उघडकीस आले आहेत. २००८ मध्ये सिंगापुरात मधुमेह नसलेले सुमारे दीडशे लोक रक्तशर्करा कोसळून रुग्णालयांत दाखल झाले. कारण, त्यांनी घेतलेल्या बेकायदा उत्पादनांत ग्लिबेनक्लामाइड होते. त्यांतील चौघे मरण पावले.

अशा मिश्रणाने काय घडते, हे आता वाचकाला वेगळे सांगावयास नको. ज्याने गोळी घेतल्याचे त्यालाच ठाऊक नाही, तो निःशंक मनाने एकादशी करतो. त्याच्या यकृतातील प्रत्येक पेशी शेजारणीला निरोप देण्यास सिद्ध असते आणि कोठाराला बाहेरून कुलूप पडलेले असते. वैद्यही गाफील, कारण वेष्टनावर केवळ मेथी, जांभूळबी, गुडमार यांची नावे.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० मधील तरतुदी, नियम १६१ प्रमाणे वेष्टनावर घटकद्रव्ये लिहिण्याचे बंधन, अनुसूची टी प्रमाणे उत्तम निर्मितीपद्धती, हे सर्व आपल्याला पाठ आहे. तपासनीस येण्याच्या दिवसापुरते ते पाळावयाचे नसते. माझी सूचना अशी की घाऊक बाजारातून तयार चूर्ण घेऊन त्यावर आपले नाव लावणाऱ्या प्रत्येक फार्मसीने मधुमेहहर कल्पांचा प्रत्येक घाणा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रासायनिक भेसळीसाठी तपासून घ्यावा आणि गुळवेलीसारख्या द्रव्याची ओळख वनस्पतितज्ज्ञाकडून पटवून घ्यावी. त्याने खर्च वाढेल, हे मान्य. तो खर्च वैद्यांनी अधिक मूल्य देऊन उचलावा. स्वस्त चूर्णाचा आग्रह आपणच धरीत असतो.

उपसंहार

यकृतातील पेशींकडून घ्यावयाचा बोध मला एवढाच दिसतो. चेतातंतू प्रत्येकीपर्यंत पोहोचत नाही, तरी संपूर्ण यकृत एकाच वेळी जागे होते. कारण जिला प्रथम कळते ती स्वतःपुरते कळवून घेऊन थांबत नाही. आपल्या जिल्ह्यातील मधुमेही रुग्ण एकाच वेळी शहरातील चिकित्सकाकडे, गावातील वैद्याकडे आणि बाजारपेठेतील औषधविक्रेत्याकडे जात असतो. या तिघांत बोलणे नसते. त्या एकादशीला माझ्या रुग्णाच्या बाबतीत अन्य चिकित्सकाची गोळी आणि माझे चूर्ण यांच्यामध्ये एका चिठ्ठीचेही अंतर कोणी ओलांडले नव्हते. त्यात माझा वाटा होता.

आज माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या हाती एक चिठ्ठी असते. तीवर माझ्या औषधांची नावे, त्यातील घटक आणि उपवासाविषयीची सूचना लिहिलेली असते, आणि ती दुसऱ्या चिकित्सकाला दाखवावी असे रुग्णाला सांगितलेले असते. काहींनी ती हसून बाजूस ठेवली. काहींनी मागे स्वतःची औषधे लिहून परत पाठविली. दुसऱ्या प्रकारच्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत. ते शेतकरी अद्याप माझ्याकडे येतात. एकादशीला आता ते फराळ करतात, गोळी त्यांच्या चिकित्सकाने बदलून दिली आहे, आणि शेगावी चालत जाताना त्यांच्या खिशात खडीसाखरेची पुडी असते.

सूज्ञ वाचकांनी या विषयावर आपले अनुभव व मतभेद दोन्ही अवश्य कळवावेत. इत्यलम्.